शोधाची चौकट

“पण पोथी आहे ना आपल्याकडे, महाराज? मग शोधायचं पान चुकलं कसं?” शार्दूलचा आवाज चढला होता.

प्रवरेकाठच्या त्या मठातल्या सगळ्या पोथ्यांची छायाचित्रं आता संगणकावर होती. त्या शोधायचं पान शार्दूलनं बनवलं होतं. पांढरंशुभ्र, मधोमध एकच चौकट. नाव लिहा, पोथी समोर. या साधेपणाचा त्याला फार अभिमान होता. उद्या ते पान सर्वांसाठी खुलं व्हायचं होतं.

सकाळी नांदुऱ्याचे एक वृद्ध गृहस्थ आले होते. वडील त्यांच्या लहानपणीच गेले. वडिलांनी या मठासाठी एक पोथी नकलून दिली होती, एवढंच घरात ऐकलेलं. वडिलांचं अक्षर एकदा पाहायचं, म्हणून ते इतक्या लांब आले होते. त्यांनी चौकटीत वडिलांचं नाव, ‘गिरजाबुवा’, लिहिलं.

काही सापडलं नाही.

नुसतं ‘गिरजा’ लिहून पाहिलं. तेच उत्तर. नमस्कार करून ते निघून गेले.

दुपारी शार्दूलला ती पोथी सापडली. नकलणाऱ्याची नोंद ‘गिरिजानाथ’ अशी होती. तो एसटी स्थानकावर जाऊन आला, गृहस्थ भेटले नाहीत. पत्ता कोणीच घेतला नव्हता. तरी शार्दूल म्हणत होता, नाव नीट लिहायला नको का माणसानं?

आत्मबोध महाराज उठून ग्रंथागारात गेले आणि दार आतून लावून घेतलं.

“हवी ती पोथी माग,” आतून आवाज आला.

शार्दूलनं एक नाव सांगितलं.

“नाही.”

दुसरं सांगितलं.

“नाही…”

ही पोथी तर त्यानं स्वतः हाताळली होती. त्यानं नाव जरा बदलून सांगितलं.

“नाही.”

“महाराज… आत आहे तरी काय?”

त्यानं दार ढकलून पाहिलं, ते हललं नाही. मग मान खाली घालून तो वळला.

मागे कडी वाजली. दार सताड उघडं होतं. भिंतभर पोथ्यांची लाल बासनं, हात लावावा इतकी जवळ.

शार्दूलला आपली ती पांढरीशुभ्र पानावरची एकच चौकट आठवली.

“ते गृहस्थ परत येतील का, महाराज?”

“तूही दारातून परत निघालाच होतास ना?”