लाल गाडीचं चाक

माझ्या बायकूनं चूक कबूल केली तर परत कामावर घेतो म्हणं! कसली चूक? मुकादम, सायबाचा निरोप घेऊन आलाय, तर माझंबी ऐकून जावा. लई दमलोय ह्या भांडणानं.

सात वर्सं माझी पारू बंगल्यावर त्याचं काचंचं कपाट पुसतीया. आत शर्यतीच्या जुन्या मोटारींचे बोटाएवढे नमुने. पयल्या दिवशी ती ‘खेळणी’ म्हणाली, तर केवढा वरडला, "खेळणी नाहीत, गाड्या म्हणायचं!"

परवा लाल गाडीचं चाक निखळलं. आळ पारूवर. हातातलं फडकं काढून घेऊन घालवली तिला.

मी गेलो. म्हटलं, "सायेब, मोडलं ते खेळणं का गाडी?"

"गाडी! शंभरदा सांगितलंय."

"मग गाडीचं चाक निखळलं तर कुणाला धरत्यात? डायवरला का पुसणाऱ्याला?"

"इथं कुठला आलाय ड्रायव्हर?"

"रोज दुपारी जेवायच्या टेबलावर, तोंडानं घुर्रर्र करत, कोण पळवतं ती? बागंला पाणी घालताना खिडकीतनं बघतोय की मी."

खाली मान घालून आत निघून गेला. तरी आज तुमाला धाडलंच.

आता उठा. पारूचं फडकं त्याच्याच हातात द्या, आन् चूक कबूल करायला त्याला हितं घेऊन या.