सगळ्यात हलका लॅपटॉप

“आणि हलका म्हणजे किती हलका?” सोपानगिरी महाराजांनी विचारलं.

“पाठीवर आहे की नाही, तेसुद्धा कळत नाही,” निशिकांत म्हणाला.

महाराज गप्प. ओसरीखाली नर्मदा वाहत होती, तिच्याकडं बघत बसले.

निशिकांतला हे गप्प बसणंच सोसवत नव्हतं. पुण्यात त्याचा स्वतःचा धंदा. तिथं माणसं त्याच्यापुढं उभी राहून बोलायची. इथं हा उघडाबंब म्हातारा, आणि त्याच्यापुढं हा मांडी घालून. पण करतो काय? गुरू पडला. महाराजांनी जा म्हटल्याशिवाय परिक्रमेला पाऊल उचलणार नाही, असा शब्द त्यानं वडिलांना त्यांच्या शेवटच्या आजारात दिला होता. वडील स्वतः ती परिक्रमा पायी चालले होते. पोरगाही चालावा, एवढीच त्यांची इच्छा.

मागल्या साली तो आला, तर महाराजांनी त्याच्या सामानाकडं एकदा बघितलं नि म्हणाले, “अजून नाही.” बस. कारण नाही, काही नाही.

कारण यानं आपल्या डोक्यानं काढलं. तेव्हाचा लॅपटॉप विटेसारखा जड होता, म्हणून नाही म्हणाले. झालं, वर्षभर या दुकानातून त्या दुकानात. एकाची बॅटरी टिकेना, एकाचा पडदा उन्हात दिसेना, एक हलका पण पापडासारखा पिचका. एवढी पारख त्यानं बायको करतानाही केली नसेल. शेवटी मिळाला एकदाचा.

“चालताना लागतो कशाला तो?”

“धंदा आहे महाराज. सगळं भागीदाराच्या हातात सोडलं, तर परत येईपर्यंत दारावरची पाटी बदललेली असेल. मुक्कामाला पोचलो की अर्धा तास उघडीन. तेवढंच.”

“हं...”

निशिकांतचा घसा कोरडा पडला होता. भर उन्हात घाट चढून आलेला, तरी कोणी पाणी विचारलं नव्हतं. आश्रमाची रीत त्याला ठाऊक होती. पाठ मोकळी केली की आश्रमातली यमूताई पाण्याचा तांब्या घेऊन येते. पाठीवर काही असेतो पाणी नाही. आता यानं सॅक तर आल्या आल्या पायरीवर ठेवली होती. तरी यमूताई तांब्या धरून दारात उभी, ती हलेना. महाराजांनीच सांगितलं असणार, असं त्याच्या मनात आलं. पाहुण्याचा अपमान करायचा तर तोंडावर करावा.

“नर्मदे हर.”

वाशीमकडचा एक म्हातारा परिक्रमावासी वर आला. किसन इंगोले नाव. त्यानं सॅकशेजारी बोचकं टाकलं, तशी यमूताई पुढं झाली. म्हातारा घटाघटा प्याला, पायरीवरच टेकला.

निशिकांत बघत राहिला. जीभ टाळूला चिकटलेली.

“दाखव तुझा लॅपटॉप,” महाराज म्हणाले.

तो उठला. सॅक उघडली. कपडे काढले. खालचा कप्पा बघितला, बाजूचा बघितला. सॅक उलटी केली...

“गेला.”

त्यानं रिकामी सॅक पुन्हा चाचपली.

“माझा लॅपटॉप गेला. इथं दुसरं कोण आलं होतं?” त्यानं इंगोल्यांकडं बघितलं. “सॅकजवळ तुम्हीच बसलात.”

“मी तं पाणीच पेलो, साहेब.”

“बोचकं सोडा.”

इंगोल्यांनी महाराजांकडं पाहिलं. महाराज नदीकडं बघत होते. म्हाताऱ्यानं गाठ सोडली. घोंगडी. पोचे पडलेलं पातेलं. पिठाची पुरचुंडी. तळाशी घडी घातलेलं एक जुनं लुगडं.

“त्याले नका हात लावू साहेब. मंडळीचं हाय. गेली ते.”

निशिकांतनं लुगडं उचललं आणि झटकलं.

लुगड्यातून काही पडलं नाही.

महाराज उठले. गुडघ्यावर हात देत सावकाश आले आणि निशिकांतच्या पाठीवर बोटानं वाजवलं. दारावर वाजवतात तसं. टक, टक.

निशिकांतचा हात मागं गेला.

सकाळी बसमध्ये धक्के लागतील म्हणून त्यानं लॅपटॉप सॅकमधून काढून पातळ पिशवीत घातला होता. पिशवी पाठीला अडकवली होती. तेव्हापासून तो तिथंच...

लुगडं त्याच्या हातात तसंच होतं.

“उतरव की रे आता,” यमूताई म्हणाली. “केव्हाची तांब्या धरून उभी आहे मी. हात गेला माझा.”

त्यानं पिशवी उतरवली. लुगड्याची घडी घालायला गेला, ती नीट पडेना. इंगोल्यांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः घडी घातली.

“चुकलो, बाबा,” तो त्यांच्या पायाशी वाकला.

“ऱ्हाऊ द्या. पाणी प्या तुमी.”

पाणी त्याला घ्यावंसं वाटेना. लॅपटॉप उचलून त्यानं महाराजांच्या पायाजवळ ठेवला.

“हा इथंच राहू दे. धंद्याचं काय व्हायचं ते होवो. आता तरी जाऊ?”

“नाही.”

“मग मी करू तरी काय, महाराज?”



“मागल्या सालचा घेऊन ये,” महाराज म्हणाले. “तो तू पायरीवरच खाली ठेवला होतास.”