दर्याचा वाटा

एका राज्यात नदीला सात मुखं होती आणि राजाला एकच. पण गाजायचं राजाचंच. राजाचं नाव सिंधुकेत, राणीचं केतकावली. नदी साती मुखांनी दर्याला मिळे, येताना वरचा गाळ आणी. त्या गाळात तिवरांचं रान माजे आणि रानामागं भाताची खाचरं डुलत. सगळ्यांत खालचं खाचर मात्र कुणी पेरीत नसे. त्याला म्हणत दर्याचा वाटा. भरतीला दर्या तिथं येऊन बसे, ओहोटीला उठून जाई.

पुढं दर्या चढू लागला. दर साल थोडा थोडा, तापल्या दुधावर साय चढावी तसा. तेव्हा कर्कोट नावाचा जादूगार दरबारी आला. म्हणाला, मी बांध घालून देतो. दर्या चढेल तसा बांध आपला आपण चढेल. मोल एवढंच, की तिवरांच्या शेंगा माझ्या. राजाला वाटलं, शेंगांच्या मोलात किल्ला मिळाला. राणीनं विचारलं, मग दर्याच्या वाट्याचं काय? राजा म्हणाला, त्याला सोन्याचा नारळ देऊ.

बांध उभा राहिला. नदीची पाच मुखं त्याखाली बुजली. दर्याच्या वाट्यावर राजानं नवा महाल उठवला. शेंगा गेल्या म्हणून नवं तिवर उगवेना, जुनं वाळून गेलं. गाळ आत येईना म्हणून जमीन खचू लागली. विहिरी खारट झाल्या. आणि बांध पहिल्यांदा चढला त्या सकाळी राजाची पावलं मिठाची झाली. दुसऱ्यांदा चढला तेव्हा गुडघे, तिसऱ्यांदा कंबर. राजा म्हणे, दुखत तर नाही. वैद्य म्हणत, दुखत नाही हे उत्तम. राणीला दोघांचाही राग येई. वैद्यांना तिनं घालवून दिलं. नवऱ्याला कुठं घालवणार?

पुनवेच्या उधाणाला बांध पुन्हा चढणार आणि मीठ काळजाला लागणार, हे तिला दिसत होतं. ती बांधावर जाऊन बसली. समोर वाळक्या तिवरावर एक खंड्या पक्षी होता.

तो म्हणाला, "राणीबाई, दर्यात पाणी कमी आहे म्हणून रडताय?"

"रडत नाही. उपाय शोधतेय. ठाऊक असेल तर बोल, नाहीतर मासे धर."

खंड्याला हे बोलणं आवडलं. त्यानं सांगितलं, बांधाच्या जादूला तीन पेड आहेत. पहिला कर्कोटानं बेटावर नेलेल्या शेंगांचा, दुसरा नदीचा. तिसरा मी शेवटी सांगेन. आत्ता सांगितला तर तुम्ही माघारी फिराल.

राणी होडीत बसून कर्कोटाच्या बेटावर गेली. तिथं खड्ड्यात शेंगा पडल्या होत्या, सगळ्या सोन्याच्या झालेल्या. खड्ड्याभोवती हात पुढं केलेले मिठाचे पुतळे उभे होते, आणि राखणीला नाग. नाग म्हणाला, मोल सांग आणि घेऊन जा.

"मोल कसलं?" राणी म्हणाली. "चिखलात टोचायच्या शेंगा या. बाजूला हो."

सोनं उतरलं, शेंगा हिरव्या झाल्या. नागानं फणा मिटला आणि तिथंच झोपला. खरं उत्तर ऐकायला तो फार दिवस जागा होता. राणीनं ओटीत मावतील तेवढ्या शेंगा भरल्या, उरलेल्या होडीत घातल्या.

मग ती नदीच्या काठानं वर गेली. वळणावर एक म्हातारी उभी होती, डोक्यावर चिखलाची पाटी, मान पार वाकलेली. ती नदीच होती. ती म्हणाली, "ओझं उतरवायला जागा नाही, पोरी. माझी पाच दारं तुझ्या नवऱ्यानं लावलीत."

ज्या महालात ती निजत होती, तो त्याच बांधाच्या आडोशाला उभा होता. तिनं पाटीला हात घातला. पाटी खाली आली. पाटीतला गाळ सरपटत नदीच्या पात्रात शिरला आणि राणीच्या मागोमाग गावाकडं निघाला.

बांधावर खंड्या वाट पाहत होता. त्यानं तिसरा पेड सांगितला. ज्यानं वाटा लुबाडला त्यानंच, आपल्या हातानं, आपल्या खुशीनं तो परत द्यायचा.

राणीनं आधी खालच्या वस्तीतली माणसं उंचवट्यावर हलवली. माणसं कुरकुरली, पण खारं पाणी पिऊन पिऊन शहाणीही झाली होती. पुनवेच्या सकाळी तिनं राजाला पालखीत घालून बांधावर आणवलं. मीठ जड, भोयांची कंबर मोडायची वेळ आली. तिनं त्याच्या हातात कुदळ दिली.

राजा म्हणाला, "महाल जाईल."

"जाईल."

"निम्मी खाचरं जातील. लोक म्हणतील, राजा हरला."

"म्हणू देत. महाराज, लग्नात तुम्ही मला पाहुण्याला पाट देणारं घर दिलं होतं. या पाहुण्याचा पाट ओढून तुम्ही त्यावर महाल बांधलात. नारळ देऊन जागा राखता येत नाही."

राजानं दर्याकडं पाहिलं. बांध थरथरू लागला होता, मीठ बरगड्यांना लागलं होतं. मग तो हळू म्हणाला, "ये बाबा. तुझं तू घे," आणि त्यानं कुदळ मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्या घावाला बांध फुटला.

दर्या आत आला. महाल गिळला, आपल्या खाचरात बसला आणि तिथंच थांबला. बांधाच्या पोटात दडलेला कर्कोट ओरडत निघाला, सौदा सौदा म्हणत; निघता निघता खाडीच्या तोंडाशी मिठाचा धोंडा झाला. आता त्यावर बगळे बसतात आणि बसून जे करायचं ते करतात.

राजा पायांवर उभा राहिला. नदीची साती मुखं वाहू लागली. राणीनं बायकांना हाताशी धरून चिखलात शेंगा टोचल्या. वरच्या खाचरांपुरता साधा मातीचा बांध घातला, त्याला उघाडी बसवली. भरतीला दार लावायचं, ओहोटीला उघडायचं. विहिरी गोड व्हायला काही पावसाळे गेले, पण झाल्या. दर्या अजून चढतो. तिवराखाली गाळही चढतो, आणि त्यावर जमीन.

राजाची डावी टाच तेवढी मिठाचीच राहिली. उधाण यायचं असलं की ती ठणकते. मग राजा लंगडत स्वतः उघाडीवर जातो, आणि राणी मागून विचारते, "दुखतंय का?" तो म्हणतो, "दुखतंय." ती म्हणते, "बरं झालं."

दर्याचं दर्याला गेलं, माणसाचं माणसाला राहिलं. ज्याला हे पटत नसेल, त्यानं उधाणाला खालच्या खाचरात जाऊन निजावं.