काळ्या पिसांना सुट्टी

पाखरांची गाण्याची शाळा उंबराच्या झाडावर भरायची, तेव्हाची गोष्ट. एका वर्षी दुष्काळ पडला आणि पिलांच्या दुपारच्या खाऊला उंबरं पुरेनात. शाळेचा कारभारी पोपट म्हणाला, "काळ्या पिसांच्या पिलांना यंदा सुट्टी."

"दुष्काळ सगळ्यांना, मग सुट्टी आमच्याच लेकरांना का?" कावळीण कडाडली.

"कुठेतरी काटकसर करायलाच हवी ना, बाई!"

दुसऱ्या दिवशी उंबरावर गाणंच ऐकू येईना. कोकीळ गुरुजी शेजारच्या कडुलिंबावर कावळ्यांच्या पिलांना शिकवत बसले होते.

"गुरुजी, तुम्ही इथे?" पोपट चिडला.

"तुमचाच हुकूम पाळतोय. माझी पिसं कुठे हिरवी आहेत?"

दुपारपर्यंत सगळी पिलं कडुलिंबावर आली, पोपटाची नातसुद्धा. लिंबोळ्या थोड्याच होत्या. कावळिणीने त्या वाटायला घेतल्या आणि पहिली पोपटाच्या नातीच्या चोचीत घातली.