पडद्यावरचा नाग

जत्रेत तंबू ठोकून सिनेमा दाखवायचे, त्या काळातली ही गोष्ट. माळावरच्या वारुळातला एक नाग उबेसाठी तंबूत शिरला आणि बाहेर आला तो बिघडूनच. पडद्यावरचा नाग दूध पीत होता, पुंगीवर डोलत होता आणि त्याच्या फण्यावर मणी झगमगत होता. आपल्या नागाला स्वतःची लाज वाटली. आजवर त्याने उंदीर-बेडकांवर दिवस काढले होते.

दुसऱ्या दिवसापासून या शहाण्याने शिकार सोडली. तुटक्या माळेतला काचेचा मणी बाभळीच्या डिंकाने कपाळी चिकटवला. बायका वारुळापाशी ठेवून जात ते दूध तो कसंबसं गिळायचा आणि मग आडोशाला जाऊन ओकायचा.

शेजारची धामण म्हणाली, "अरे, पोट खपाटीला गेलं तुझं. समोरून उंदीर चाललाय, धर की."

"उंदीर तू खा, मावशी. अस्सल नाग दुधावर असतो."

"आणि तुझा बाप काय खायचा?"

"तो अडाणी होता," नाग म्हणाला. "त्याने सिनेमा कुठे पाहिला होता?"

एका सकाळी मुंगूस आलं. धामण बिळातून ओरडली, "डंख मार, नाहीतर पळ." नागाने दोन्ही केलं नाही. पडद्यावर मण्याच्या तेजाने दिपून मुंगूस मागे सरलं होतं. म्हणून हाही फणा काढून, मणी उन्हात चमकेल अशा बेताने, ऐटीत डोलत राहिला.

सिनेमा मुंगसानेही पाहिला नव्हता. त्याने नाग खाल्ला आणि मणी थुंकून टाकला.