शेवंतीच्या मुठीतल्या तीन ठिणग्या

डोंगराच्या पायथ्याशी, लालभडक फुललेल्या पळसरानाला टेकून एक इवलंसं गाव होतं. गावाच्या टोकाला एक इवलीशी झोपडी होती आणि तिच्यात दोघीच राहायच्या, गोदा आणि तिची आठ वर्षांची लेक शेवंती. पळसाची पानं आणायची, पत्रावळी टोचायच्या, गावात विकायच्या, एवढ्यावर त्यांची चूल पेटायची. घरात दागिना नव्हता, पण बडबड मात्र भरपूर होती. पानं टोचता टोचता गोदा इतकं बोलायची, की वळचणीच्या चिमण्याही दमून गप्प बसायच्या.

एका सकाळी ती पानं टोचता टोचताच कलंडली. वैद्यबुवांनी जीव वाचवला, पण उजवा हात लुळा पडला आणि शब्द हरवले. तिला सगळं कळायचं, फक्त नाव ओठांवर येईना. तहान लागली की ती म्हणायची, "ते... पान दे... पान नाही गं, ते!" आणि शेवंतीकडे बघताना तर तिचे ओठ नुसतेच थरथरायचे. पोटच्या पोरीचं नावसुद्धा तिला सापडत नव्हतं.

आई आपल्याला पुन्हा कधीच नावानं हाक मारणार नाही, या भीतीनं शेवंतीला ग्रासलं. ही भीती सकाळी तिच्याबरोबर उठायची आणि रात्री तिच्याच गोधडीत शिरायची.

गावातले लोक वाईट नव्हते. उलट जरा जास्तच चांगले होते! शेजारची सगुणाकाकू तर गोदानं तोंड उघडलं रे उघडलं की "पाणी हवंय? चटई? सुपारी?" असा धडाका लावायची. गोदा बिचारी मान खाली घालायची. दिवसेंदिवस तिचं बोलणं आटत चाललं.

गावामागे देवराई होती, म्हणजे देवाचं रान. तिथलं वाळकं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही, अशी गावाची रीत होती. आत भरदुपारीही हिरवा काळोख असायचा. शेवंती एकदा हिय्या करून देवाला साकडं घालायला तिथे गेली. तेवढ्यात एका खोडावरच्या चिकट डिंकात काहीतरी फडफडलं. शेवंती दचकली, पण पळाली नाही. तिनं आपल्या लोटीतलं पाणी थेंब थेंब ओतून तो डिंक हळूहळू विरघळवला. आणि बाहेर काय आलं? अंगठ्याएवढी परी! हळदीच्या रंगाचा झगा, केशरी पाकळीची टोपी आणि पंखांवर चमचमणारी दवाची नक्षी.

"माग, बाळा, काय हवं ते."

"परीताई, माझ्या आईचे शब्द परत दे."

परीनं वर बोट दाखवलं. फांद्याफांद्यांवर शेकडो पिटुकली पाखरं बसली होती, निळी, गुलाबी, रुपेरी, सगळी एकमेकांना बिलगून.

"हेच ते शब्द. घाबरून इथे येऊन बसलेत. पण देवराईतून काही नेता येत नाही, मलासुद्धा नाही. त्यांनी आपण होऊन यायला हवं. आणि कुणी घाईघाईनं आईच्या तोंडात शब्द कोंबला, की हे आणखी आत पळतात."

शेवंतीनं जीभ चावली. तीही दिवसभर तेच तर करत होती!

परीनं तिच्या मुठीत तीन सोनेरी ठिणग्या ठेवल्या. "आईचा शब्द अडला की एक सोड. ती त्या शब्दाला आईच्या जवळ आणेल. तो कसा दिसतो, कुठे असतो, कशाला लागतो, ते विचार. पहिलं अक्षर सांगितलंस तरी चालेल. पण आख्खा शब्द तू बोलू नकोस. बोललीस, तर तो कायमचा गेला."

त्याच संध्याकाळी पेजेचा घोट घेऊन गोदानं तोंड वाकडं केलं. "ते... ते नाही यात."

शेवंतीनं एक ठिणगी सोडली. "कसं असतं गं ते?"

"पांढरं."

"कुठे असतं?"

"मडकं... छोटं..." गोदा अडली. पेज निवत चालली. शेवंती आईच्या कानाशी झुकली. "मी..." ती हळूच म्हणाली.

"मी... मी... मीठ!"

छपरावर एक रुपेरी पाखरू किलबिललं. दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

आणि मग शेवंतीला हाव सुटली. तिनं लगेच दुसरी ठिणगी सोडली. "आई, मी कोण? फुलाचं नाव आहे. पिवळं असतं. शे..."

"शे... शेळी... नाही... शे..." गोदाच्या कपाळावर घाम आला. तिनं डाव्या हातानं स्वतःच्या तोंडावर मारून घेतलं. शेवंतीला ते बघवेना.

"शेवंती गं आई, शेवंती!"

तिच्या नावाच्या सोनेरी पाखरानं छपरावर एकच घिरटी घातली आणि ते डोंगरापलीकडे निघून गेलं. गोदाच्या ओठांवरचा "शे"सुद्धा विझला. शेवंती इतकी घाबरली की तिला रडताही येईना.

तिसरी ठिणगी तिनं मुठीत घट्ट धरून ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे धुकं दाटलं होतं. सगुणाकाकू विस्तव मागायला आली होती. जाळ वाढवायला शेवंती चुलीमागच्या सरपणात हात घालणार, एवढ्यात गोदा ओरडली, "ते! ते!" आणि डाव्या हातानं सरपणाकडे बोट दाखवू लागली.

"अगं, बघतेस काय? लाकूड मागतेय ती, दे की चटकन!" काकू म्हणाली.

शेवंतीच्याही ओठांवर तेच आलं होतं. पण आईचे डोळे भलतेच विस्फारले होते. शेवंतीनं आलेला शब्द गिळला, हात होता तिथेच थांबवला आणि मूठ उघडली.

"कसं असतं ते, आई?"

"लांब... पाय... पाय नाहीत..."

काकू पुन्हा काही बोलणार, तोच शेवंतीनं तिला हातानं गप्प केलं.

"सर... सा... सा..." गोदानं डोळे मिटले. "साप!"

शेवंतीनं मागे उडी घेतली. लाकडांतून काळाभोर नाग फूस्स करत वर उठला, फणा डोलवला आणि धुक्यात सरपटत नाहीसा झाला.

दारात सोनेरी उजेड पडला. परी आली होती. "एवढी घाबरली होतीस, तरी तू आईचा शब्द हिसकावला नाहीस," ती म्हणाली. "बाहेर बघ."

कुंपणावर पाखरांची रांग लागली होती.

"रोज एखादं आत येईल. कधी चार दिवस एकही येणार नाही. वाट बघशील ना?"

"बघेन. आणि माझं नाव, परीताई?"

"ते गेलं, बाळा. नियम तो नियम." परीनं तिच्या गालावरून पंख फिरवला. लख्ख प्रकाश फाकला आणि त्यात परी विरघळून गेली.

शेवंती अंगणात उभी राहून हुंदके देऊ लागली. तेवढ्यात आतून आवाज आला.

"ये... ये गं... माझी..."

काकूनं सवयीनं तोंड उघडलं आणि मग स्वतःच त्यावर हात ठेवला. चुलीवरचं पाणी उकळून सांडायला लागलं.

"माझी... थां... थांबुली!"

आईसाठी थांबणारी, म्हणून थांबुली! असलं नाव गावात कुणाचंच नव्हतं. पोर धावत सुटली आणि आईच्या कुशीत शिरली.