चमचाभर दुधी

"मग देताय ना व्रत, बुवा? जन्मभर फक्त पेज!"

सुलक्षणाने हात जोडले होते, पण मान ताठ होती.

अण्णाबुवा मठाच्या चुलीपुढे बसून दुधी सोलत होते.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"त्यांचं काय... म्हणाले, आतड्याची सूज उतरलीय. गोळ्या चालू ठेवा, आणि मऊ शिजवलेली भाजी हळूहळू सुरू करा."

"मग?"

"मी सगळं सोडलंय, बुवा."

सोडलं होतं खरं. मागच्या खेपेला जरा बरं वाटलं, तर बाईंनी आजाराला लोळवल्याच्या थाटात दोन वाट्या मटकीची उसळ हाणली, आणि थेट दवाखान्यात भरती झाल्या. तेव्हापासून तिची मठातली पंगत बंद. खांबापाशी वेगळं बसायचं, पेज प्यायची. लोक म्हणायचे, "काय हा संयम!" ते तिला पेजेहून चवदार लागायचं.

पंगतीतलं हसणं कानावर आलं की मात्र घशात काहीतरी अडकायचं. पेज अडकत नाही, एवढं तिलाही कळत होतं.

बुवांनी मान वर केली.

"बाय, तुला पंगतीत बसायचंय, की खांबापाशी दर्शन द्यायचंय?"

तिने जोडलेले हात सोडले.

बुवांनी दुधीच्या बिया काढल्या, तो अगदी गाळ होईपर्यंत शिजवला, पळीच्या पाठीने घोटला. पंगत बसली तेव्हा मधोमध एक पान तिचं होतं. पानावर पेजेची वाटी, आणि शेजारी चमचाभर दुधी.

"आणि दुखलं तर?" आवाज एवढासा झाला होता.

"तर उद्या अर्धा चमचा."

तिने डोळे मिटले. विष घ्यावं तसा दुधी तोंडात घातला. शेजारच्या काकूंचा हात घासावरच थांबला.

...

मीठ. जिरं. वर किंचित तूप.

सुलक्षणाने डोळे उघडले, ते भरून आले होते. पाणी पुसायच्या आधीच तिने पान पुढे सरकवलं.

"अहो, काही होत नाहीये! वाढा की अजून! बुवा, उद्या आपण उसळच..."

काकूंना ठसका लागला. सगळी पंगत हसली. तीही हसली, पण पान काही मागे घेतलं नाही.

बुवांनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"आणि नाही दुखलं, तर उद्याही एकच."